डिस्पॅचच्या दारातून परत आलेल्या पेट्या

वाचकांचे प्रश्न : अर्थकारण

मागच्या अंकात २००८-०९ च्या जागतिक मंदीवर लिहिलं होतं आणि शेवटी तुमचे प्रश्न मागवले होते. पत्रं इतकी आली की सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. ज्या पत्रांत अनेकांच्या मनातलं आलंय, ती निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की यंत्रांचे सुटे भाग बनवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या निर्यात विभागात मी एकोणीस वर्षं होते आणि नंतर अर्थशास्त्र शिकवलं. त्यामुळे उत्तरांत पुस्तकातलं थोडं आणि कारखान्यातलं जास्त येईल.

प्रश्न : ताई, आम्ही व्यापारी वर्षातून चारदा 'मंदी आहे' म्हणतो. शेअर पडले तरी मंदी, गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी मंदी. मग ही जागतिक मंदी नेमकी कुठली?

उत्तर : हा घोळ आपल्या भाषेतच आहे. 'तेजी-मंदी' हा बाजाराचा जुना जोडशब्द, भाव चढले की उतरले एवढंच त्यातून कळतं. अर्थव्यवस्थेतली मंदी म्हणजे देशात एकूण जे काही पिकतं, बनतं आणि विकलं जातं, तेच घटणं. सलग दोन तिमाही ते घटलं की मंदी धरायची, अशी ढोबळ रीत आहे. अमेरिकेत अर्थतज्ज्ञांची एक समिती रोजगार, उत्पन्न, विक्री असं बरंच काही तपासून तारखा ठरवते. तिच्या हिशेबानं मागची मोठी मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९, म्हणजे अठरा महिने चालली.

सगळ्या जगाचा विचार करताना माणशी उत्पादन पाहतात, कारण लोकसंख्या वाढत असते आणि नुसती बेरीज फसवते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाचं माणशी उत्पादन घटलं अशी पाच वर्षं सहसा सांगितली जातात : १९७५, १९८२, १९९१, २००९ आणि २०२०. तेव्हा तुमच्या वर्षातल्या चार मंद्या वेगळ्या आणि ही वेगळी. एकोणीसशे तिसाच्या दशकातली महामंदी तर या सगळ्यांच्या पलीकडची. १९३३ मध्ये अमेरिकेत कामकरी माणसांतला चौघांतला एक बेकार होता.

प्रश्न : हजारो मैलांवरच्या देशात लोकांनी घरांचे हप्ते थकवले, तिथली बँक बुडाली आणि इथे माझ्या मुलाला घरी बसवलं. त्या बँकेचं नावसुद्धा आम्ही ऐकलं नव्हतं. हे कसं होतं, हे अजून मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

उत्तर : तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण ऑक्टोबर २००८ मध्ये आमच्या डिस्पॅच विभागात हाच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता.

त्या दिवशी सकाळी चौदा पेट्या दारात तयार होत्या. पाइनच्या लाकडाच्या. आत गंज लागू नये म्हणून तेलकट कागदात गुंडाळलेले भाग, बाहेर काळ्या शाईनं स्टेन्सिल केलेलं बंदराचं नाव. ट्रक येऊन उभा होता. तेवढ्यात गिऱ्हाइकाची दोन ओळींची ईमेल आली, की पुढची सूचना मिळेपर्यंत माल पाठवू नये. कारण दिलं नव्हतं, तारीख दिली नव्हती. दुपारी फोर्कलिफ्टनं त्या पेट्या एकेक करून परत आत आणल्या. दारातून बाहेर जाणाऱ्या पेट्या मी हजारोंनी पाहिल्या होत्या, परत आत येताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. फोर्कलिफ्ट चालवणारा विचारत होता, "मॅडम, माल खराब निघाला का?" माल उत्तम होता.

झालं असं होतं. अमेरिकेत ज्यांना फेडणं झेपणार नाही अशांनाही घरासाठी कर्जं दिली गेली. त्या कर्जांचे गठ्ठे बांधून ते रोख्यांच्या रूपात जगभरच्या बँकांना विकले गेले. घरांच्या किमती घसरल्या, हप्ते थकले, आणि कुठल्या बँकेच्या पोटात किती सडकं कर्ज आहे हे कुणालाच सांगता येईना. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही १५८ वर्षांची बँक दिवाळखोरीत गेली. तिच्या डोक्यावर सहाशे अब्ज डॉलरहून जास्त देणं होतं. त्यानंतर बँकांचा एकमेकींवरचा भरवसाच उडाला.

आणि परदेशी व्यापार तर चालतोच भरवशावर. माल निघतो तेव्हा पैसे आलेले नसतात, खरेदीदाराच्या बँकेची हमी आलेली असते. त्याला आम्ही एलसी म्हणतो. ती हमी मिळणं अवघड झालं की घेणारा आणि देणारा दोघंही तयार असून माल जागेवर अडतो. कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा एक निर्देशांक असतो, बाल्टिक ड्राय इंडेक्स. मे २००८ मध्ये तो ११,७९३ वर होता. डिसेंबरच्या सुरुवातीला ६६३ वर आला. आमच्या कचेरीत तो आकडा आम्ही रोज फळ्यावर लिहीत होतो. पुढे लिहायचं सोडून दिलं.

दुसरं कारण साठ्याचं, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत ते जास्त लागू पडत असावं. कागद-पेन्सिल घेऊन बघा. एक दुकानदार महिन्याला १०० नग विकतो आणि महिन्याच्या सुरुवातीला गोदामात २०० ठेवतो. विक्री ९० वर आली. आता त्याला १८० चा साठा पुरे. ९० विकून त्याच्याकडे ११० उरले, म्हणून तो मागवतो ७०. त्याच्या मागे घाऊक व्यापारी आहे, तोही विक्रीच्या दुप्पट साठा ठेवतो. त्याची विक्री १०० वरून ७० झाली, म्हणजे त्याला १४० पुरेत. २०० तून ७० गेले, १३० उरले. तो कारखान्याकडून मागवतो फक्त १०. दुकानात येणारं गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी कमी झालं आणि कारखान्याची ऑर्डर नव्वद टक्क्यांनी गेली. यात कुणीही वेडेपणा केलेला नाही, प्रत्येकानं आपापलं गोदाम शहाणपणानं सांभाळलंय. २००९ मध्ये जगाचं उत्पादन थोडंसंच घटलं, पण जागतिक व्यापार जवळजवळ बारा टक्क्यांनी आकसला, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

आमचा कारखाना या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला होता. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी शिफ्ट. नोव्हेंबरात कंत्राटी कामगारांची हजेरीकार्डं काढली. दाराजवळच्या लाकडी फळीवर कार्डांसाठी खाचा होत्या, त्यातल्या एकतीस एका सकाळी रिकाम्या दिसल्या. कुणाचं काम वाईट म्हणून कार्ड निघालं नव्हतं. ज्यांना काढायला नोटीस आणि नुकसानभरपाई लागत नव्हती, त्यांची निघाली. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा. त्याच्या कामात खोट होती म्हणून तो घरी बसलेला नाही. हे वाक्य तो स्वतःला सांगणार नाही, म्हणून तुम्ही सांगा.

प्रश्न : मंदीत खर्च आवरा असं सगळे सांगतात. तुम्ही लिहिलंत की सगळ्यांनी खर्च आवरला म्हणून मंदी वाढते. मग घर चालवणाऱ्या बाईनं करायचं काय?

उत्तर : आवरा. मनात काहीही अपराधी भावना न ठेवता आवरा. तुमच्या घरात एकच पगार असेल आणि तोही डळमळीत असेल, तर चार-सहा महिन्यांची बेगमी हीच तुमची पहिली जबाबदारी. देशाची अर्थव्यवस्था सावरायचं ओझं एका घरानं उचलायचं नसतं.

पण गणित खरं आहे. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. सगळी घरं, सगळ्या कंपन्या आणि वर सरकारही एकाच वेळी हात आखडतं घेऊ लागलं, तर सगळ्यांचीच कमाई आटते आणि शेवटी कुणाचीच बचत होत नाही. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये हे मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की अशा वेळी खर्च करण्याची ताकद फक्त सरकारकडे उरते, तेव्हा सरकारनं तो करावा. माझंही तेच ठाम मत आहे. अमेरिकेत १९३७ साली जरा बरे दिवस दिसताच सरकारनं खर्च कमी केला आणि बाजारातला पैशाचा पुरवठाही आवळला गेला. लगेच पुन्हा मंदी आली आणि बेकारी वर गेली. ग्रीसमध्ये २०१० नंतर वर्षानुवर्षं कपात चालली. देशाचं उत्पादन सुमारे एक चतुर्थांशानं घटलं, आणि २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली.

उलट जर्मनीनं काय केलं बघा. तिथे 'कुर्त्सआर्बाइट' म्हणून योजना आहे. काम कमी झालं की माणसं काढायची नाहीत, सगळ्यांचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून द्यायचा. २००९ मध्ये जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. त्या वर्षी मे महिन्यात सुमारे पंधरा लाख माणसं अशी कमी तासांवर काम करत होती. त्यांची कार्डं फळीवर राहिली, आणि ऑर्डर परत आल्यावर यंत्र ओळखणारी माणसं तिथेच उभी होती. आमच्याकडे एकतीस खाचा रिकाम्या झाल्या त्या सकाळी ही योजना मला ठाऊक नव्हती. नंतर वाचली तेव्हा फार वाईट वाटलं.

एक विनंती मात्र करते. तुमचं उत्पन्न पक्कं असेल तर ज्यांची रोजीरोटी थेट तुमच्यावर आहे त्यांचे पैसे सगळ्यात शेवटी कापा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली. मुलांना सांगितलेलं नाही. रोज सकाळी ते आवरून, बॅग घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी ठरल्या वेळी येतात. दिवसभर कुठे असतात मला माहीत नाही. बोलायला गेलं की गप्प होतात. पैशाचं कसंतरी चाललंय, पण माणूस हातातून जातोय असं वाटतं.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पैशाच्या आधी तुम्ही माणसाबद्दल लिहिलंत, आणि तुमचं बरोबर आहे. मंदीचं सगळ्यात खोल नुकसान तिथेच होतं.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक छोटं गाव आहे. जवळपास सगळं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं, आणि महामंदीच्या तोंडावर ती गिरणी बंद पडली. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांना घेऊन तिथे गेले. त्यांना वाटलं होतं, लोकांकडे आता वेळच वेळ आहे, तर ते वाचतील, सभांना जातील. दिसलं उलटंच. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. वर्तमानपत्रं स्वस्तात देऊ केली तरी घेणारे घटले. त्यांनी रस्त्यावरची माणसं किती वेगानं चालतात हेसुद्धा मोजलं. पुरुष सावकाश चालत, मधेच थांबत, पुन्हा चालत. बायका मात्र झपाझप जात, कारण घरातलं काम काही संपलेलं नव्हतं. दिवसभरात काय केलं असं विचारलं तर पुरुषांना दोन-तीन गोष्टींपलीकडे आठवत नसे.

मला हे वाचायच्या आधीच ठाऊक होतं. आमचा एक फोरमन होता, तेवीस वर्षं नोकरी झालेला. काम गेल्यावर तो पहिल्या शिफ्टच्या वेळेला गेटसमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. भोंगा झाला की उठायचा. मी एकदा विचारलं, "घरी का बसत नाही?" तर म्हणाला, "घरी वेळ कळत नाही." तुमचे यजमान बॅग घेऊन निघतात ते तुम्हाला फसवायला निघत नाहीत. सकाळ झाली की कुठेतरी जायचं असतं, एवढा एकच धागा त्यांच्या हाती उरलाय आणि तो त्यांनी घट्ट धरलाय.

याहोडा यांनी पुढे मांडलं की पगाराखेरीज काम माणसाला पाच गोष्टी देतं. दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांत ऊठबस, चौघांच्या कामात आपलाही वाटा, समाजात एक ओळख, आणि हातापायांना नेमाचा उद्योग. नोकरी गेली की पाचही एकदम जातात. पगाराची उणीव बचतीतून काही दिवस भागते, या पाचांची भागत नाही. म्हणून मी जे सुचवते आहे ते याच दिशेनं.

मुलांना सांगा. दोघांनी एकत्र बसून, शक्यतो त्यांनीच सांगावं, साध्या शब्दांत : काम गेलंय, शोधतोय, काही खर्च थांबतील, तुमचं शिक्षण थांबणार नाही. शेवटचं खरं असेल तरच म्हणा. मुलांना घरातला ताण आधीच कळलेला असतो, आणि कारण माहीत नसलं की ती स्वतःलाच दोष देतात. एकदा सांगून झालं की यजमानांच्या डोक्यावरचं रोजच्या नाटकाचं ओझं उतरेल. त्या नाटकात माणसाची अर्धी ताकद जाते.

सकाळी निघायची सवय मोडू नका. ती फक्त कुठेतरी पोहोचू द्या. वाचनालय, एखाद्या ओळखीच्याचं वर्कशॉप, शिकवणी, काहीही. पैसे मिळोत न मिळोत, ठरलेली वेळ आणि वाट बघणारं एखादं माणूस असलं पाहिजे. 'कुठे असता?' असं विचारू नका, त्यात झडतीचा सूर येतो. 'आज माझ्याबरोबर बँकेत चला' म्हणा. तसंही कर्जाचे हप्ते असतील तर बँकेत जावंच लागेल, आणि हप्ता थकायच्या आधी गेलात तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता बरीच असते. थकल्यावर गेलं की बोलणीच बदलतात.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते. झोप उडणं, खाणं सोडणं, 'माझा काय उपयोग', 'तुम्ही माझ्याशिवाय बरे राहाल' असलं बोलणं, आवडत्या वस्तू देऊन टाकणं यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टरकडे न्या, एकटं सोडू नका, आणि 'जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. २००८ नंतर युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी आत्महत्या वाढल्या. पण हे अटळ नाही. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेकारी झपाट्यानं वाढली, तरी आत्महत्यांचं प्रमाण त्याबरोबर वाढलं नाही. तिथे काम गेलेल्या माणसाला लगेच प्रशिक्षण, सल्लागार आणि नव्या कामाची जोडणी मिळत होती. कुणीतरी त्याच्या पाठीशी होतं.

आणि तुम्ही? चार महिने हे गुपित तुम्हीही वाहताय. बहीण असो, मैत्रीण असो, एका माणसाला आजच सांगा.

प्रश्न : ताई, मी या वर्षी पदवीधर होतेय. मोठ्या बहिणीला सहज नोकरी लागली होती. माझ्या वर्गातल्या कुणालाच बोलावणं नाही. सर म्हणतात, मंदी जाईपर्यंत थांब आणि आणखी एक पदवी घे. थांबू का?

उत्तर : तुझ्यात आणि बहिणीत फरक फक्त जन्मसालाचा आहे, हे आधी मनावर कोरून घे. मंदीच्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांचे पगार, चांगल्या वर्षी बाहेर पडलेल्यांपेक्षा बरीच वर्षं मागे राहतात. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पदवीधरांच्या अभ्यासांत ही तफावत दहा वर्षांपर्यंत टिकलेली दिसली. जपानमध्ये १९९० च्या दशकात बाहेर पडलेल्या पिढीला 'रोजगाराच्या हिमयुगातली पिढी' असंच नाव पडलं. तिथे मोठ्या कंपन्या कॉलेजातून थेट मुलं उचलत, आणि ती गाडी एकदा चुकली की कित्येकांना सारं आयुष्य तात्पुरत्या कामांवर काढावं लागलं.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. त्याच अभ्यासांत असंही दिसलं, की ज्यांनी बाजार सावरल्यावर न बिचकता नोकरी बदलली, त्यांनी बरीचशी पिछाडी भरून काढली. म्हणून माझा सल्ला असा. फी परवडत असेल आणि त्या शिक्षणातून हाताला नवं कसब मिळत असेल तर जरूर शीक. फक्त वेळ काढायला कर्ज काढून पदवी घेऊ नकोस. मिळेल ते काम धर, मनासारखं नसलं तरी. त्यातून शिकलेल्या गोष्टी तारखेनिशी वहीत लिहून ठेव. आणि दिवस पालटले की त्या पहिल्या नोकरीला कृतज्ञतेपोटी चिकटून राहू नकोस. मंदीत लागलेली मुलं पुढे बरी संधी आली तरी हलायला घाबरतात. माझ्या हाताखालच्या दोन हुशार मुली अशाच अडकून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : मंदी आली की राग बाहेरून आलेल्यांवर का निघतो? आमच्या कामगारांतही हेच चाललंय. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'यांच्यामुळे आमची कामं गेली.'

उत्तर : कारण जहाजभाड्याचा निर्देशांक डोळ्यांना दिसत नाही, शेजारच्या यंत्रावरचा परका माणूस दिसतो. काम जाण्याचं खरं कारण दूरचं आणि गुंतागुंतीचं असलं, की जवळचं आणि सोपं कारण हवंसं वाटतं.

हेच देशांच्या पातळीवरही होतं. जून १९३० मध्ये अमेरिकेनं स्मूट-हॉले कायद्यानं आयातीवर भरमसाट जकात लावली. आपल्या लोकांची कामं वाचवायला म्हणून. इतर देशांनी उलट जकाती लावल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत जागतिक व्यापार डॉलरच्या हिशेबानं सुमारे दोन तृतीयांशानं आटला. भाव पडणं आणि मागणी मरणं ही मोठी कारणं होतीच, पण जकातींनी त्या आगीत तेल ओतलं. त्याच काळात अमेरिकेतून लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना घालवून दिलं गेलं, त्यांत तिथेच जन्मलेले अमेरिकन नागरिकही पुष्कळ होते. बेकारी त्यानं कमी झाली नाही.

जर्मनीचं उदाहरण तर काळजाला घोर लावणारं आहे. पुष्कळांना वाटतं, तिथली महागाई नाझींना सत्तेवर घेऊन आली. ती प्रचंड महागाई १९२३ मधली. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला तीन टक्केसुद्धा मतं नव्हती. मग महामंदी आली, सरकारनं पगार आणि मदत कापत नेली, १९३२ पर्यंत बेकारांची संख्या साठ लाखांच्या आसपास गेली. जुलै १९३२ च्या निवडणुकीत त्याच पक्षाला ३७ टक्के मतं पडली.

तुमच्या सहकाऱ्यांशी वाद घालू नका, वर दिलेलं दुकानदाराचं गणित त्यांच्यासमोर कागदावर मांडा. १०० चे ९०, ७० आणि १०. आमच्या कँटीनमध्ये मी ते एकदा मांडलं होतं. सगळ्यांना पटलं असं नाही, पण परक्या पोरांकडे वळलेली बोटं त्या दिवशी तरी खाली आली.

प्रश्न : मागच्या अंकात आपण लिहिलंत की अमेरिकेतली ती मंदी 'जून २००९ मध्ये संपली'. मी तेव्हा तिथे कामाला होतो. माझी नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी गेली. मनासारखं काम मिळायला पाच वर्षं लागली. कुठली मंदी संपली होती?

उत्तर : तुमची हरकत मला मान्य आहे, आणि तो शब्द मी तसा नुसता वापरायला नको होता. तारखा ठरवणाऱ्या त्या समितीच्या लेखी मंदी संपणं म्हणजे घसरण थांबणं. खड्ड्याच्या तळाला पाय टेकले की त्यांची मंदी संपते. माणूस तेव्हा खड्ड्यातच असतो.

तुमच्याच तारखा आकड्यांशी ताडून बघा. शेअरबाजारानं तळ गाठला ९ मार्च २००९ ला आणि २०१३ मध्ये तो जुन्या उंचीच्या वर गेला. बेकारी मात्र दहा टक्क्यांच्या शिखरावर पोहोचली ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे मंदी 'संपल्यावर' चार महिन्यांनी. नेमकी तुमची नोकरी गेली तेव्हा. एकूण नोकऱ्यांची संख्या मंदीआधीच्या पातळीवर परतली मे २०१४ मध्ये. ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना आधी उजाडलं, ज्यांच्याकडे फक्त दोन हात होते त्यांना सगळ्यात शेवटी. कंपन्या आधी आहे त्याच माणसांचे तास वाढवतात, मग तात्पुरती माणसं घेतात, आणि पुरती खात्री पटल्यावरच कायमची भरती करतात. म्हणून ही पाच वर्षं.

आमच्या त्या चौदा पेट्या २०१० च्या सुरुवातीला गेल्या. झाकणं उघडून प्रत्येक भाग काढला, पुसला, पुन्हा तेल लावलं, नव्या कागदात गुंडाळला. बंदराचं नाव बदललं होतं, म्हणून जुनं खरवडून नवं स्टेन्सिल केलं. त्याच वर्षी हजेरीच्या फळीवर पुन्हा कार्डं लागू लागली. वर्षअखेरीस एकतीसही खाचा भरल्या. त्यांतली नऊ नावं जुनी होती. बाकीची बावीस माणसं कुठे गेली याची नोंद आमच्या कचेरीत कुठल्याच फायलीत नव्हती.